वीराला पाणी

साठी उलटल्यावर माणसाला काय सुचेल याचा नेम नाही. कुणी गच्चीवर कुंड्या मांडतं, कुणी सकाळी बागेत जाऊन खोटं खोटं हसतं. सोमनाथला पूर्वज सुचले.

आडनाव सांगायला नको. नाशकात एका आडनावाची पन्नास घरं निघतात, उगीच भलत्याच्या दारात चिखल कशाला. सातपूरच्या एका कारखान्यात सोमनाथनं जन्मभर लेथ चालवलं, शेवटी सुपरवायझर झाला, आणि निवृत्त होऊन इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये येऊन बसला. बसून बसून कंटाळला. अशात एका लग्नात मुलीकडच्यांनी आपल्या घराण्याचा छापील कुळवृत्तांत वाटला. त्यात पान उलटावं तिथं सरदार न् जहागीरदार. सोमनाथनं तो पंगतीतच वाचून काढला आणि घरी येताना मोटरसायकलवर मागं बसलेल्या बायकोला म्हणाला, "सिंधू, आपलंही असं पुस्तक निघालं पाहिजे."

"निघू द्या की," सिंधू म्हणाली. तिला वाटलं, बरं झालं, दिवसभर टीव्हीपुढून तरी उठतील.

आणि तो खरंच उठला. गाडीला किक मारायची आणि चांदवड गाठायचं. चांदवडजवळ त्याचं मूळ गाव. तिथं पारावरच्या म्हाताऱ्यांना चहा पाजायचा, खोकल्याच्या गोळ्या द्यायच्या, आणि विचारायचं, आमच्या घराण्याचं काय आठवतंय? आठवायचं काय, कपाळ? बाप शेतकरी, आजा शेतकरी, पणजा चिमाजी शेतकरी. कांदा नाहीतर बाजरी, बाजरी नाहीतर कांदा. चिमाजीनं विहीर खणली, विहिरीला घागरभरही न आटणारं पाणी लागलं, त्यावर मळा झाला आणि घर वर आलं, एवढी एक गोष्ट सगळे सांगायचे. सोमनाथनं त्या विहिरीच्या काठावर कोपर टेकून हसत फोटो काढून घेतला. पण विहिरीवर काही कुळवृत्तांत उभा राहत नाही.

राहता राहिला एक वीर. तोच खरा दागिना.

नाशिककडच्या बऱ्याच घरांत देव्हाऱ्यात वीर असतो. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली बोटभर आकृती, तिला टाक म्हणतात. घराण्यातलं कुणी लढाईत पडलं, नाहीतर अवेळी गेलं आणि त्याचं काही मनात राहिलं, की त्याचा टाक करून देवांत बसवायचा. धुळवडीच्या दिवशी त्याला हातात घ्यायचं, हलगी-संबळ लावून गल्लीबोळांतनं नाचवत गोदावरीवर, म्हणजे नाशिककरांच्या गंगेवर न्यायचं आणि रामकुंडात आंघोळ घालायची. सोमनाथच्या देव्हाऱ्यातला वीर झिजून गुळगुळीत झाला होता. उभा माणूस आणि त्याच्या हातात काहीतरी लांब, एवढंच ओळखू यायचं. लांब म्हणजे तलवारच, दुसरं काय असणार.

या वीराचं घरात नाव नव्हतं. सगळे वीरबाबा म्हणायचे. पण त्याचा एक रिवाज होता, तो मात्र कधी चुकला नाही. धुळवडीला सकाळी घरात कुणी पाण्याचा घोट घ्यायच्या आधी घरच्या थोरल्या सुनेनं टाकावर तांब्यातलं पाणी घालायचं आणि पुटपुटायचं, "पोटभर पी बाबा, कुणी काही बोलणार नाही." सोमनाथची आई म्हणायची. ती गेल्यापासून सिंधू म्हणते.

सोमनाथनं या एका वाक्यावर सहा पानं लिहिली. रणांगणावर जखमी होऊन पडलेला वीर पाणी मागतोय, शत्रू पाणी देऊ देत नाही, अशी हकिगत. वीराला नाव पाहिजे म्हणून घराण्यात सगळ्यांत मोठं जे नाव होतं ते दिलं, चिमाजी. विहीर खणून झाल्यावर चांदवडच्या घाटात इंग्रजांच्या शिपायांशी लढताना पडला, असं ठोकून दिलं. पुरावा विचाराल तर काही नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. पण घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यानं ही हकिगत टाकली आणि असा काही पूर आला अंगठ्यांचा की विचारू नका. पुण्याच्या पुतण्यानं लिहिलं, काका, अंगावर काटा आला. चुलते सहादूनाना, घराण्यात सगळ्यांत वडील, त्यांनी गावाहून फोन करून सांगितलं, "सोमनाथ, तू घराण्याचं नाव काढलंस. या धुळवडीला सगळे येतो. वीर तूच घ्यायचा हातात." फेटे ठरले. टेम्पो ठरला. टेम्पोवर फ्लेक्स लावायचा ठरला. सोमनाथ आधीच चढलेला, त्यात सगळ्यांनी मिळून त्याला हरभऱ्याच्या झाडावर आणखी वर बसवलं.

ही हकिगत त्यानं सगळ्यांत आधी कुणाला ऐकवली असेल, तर भिकनला. भिकन त्याच्याच गावचा, बौद्ध वस्तीतला. तीस वर्षं कारखान्यात शेजारच्या मशीनवर. एका साली कामाला लागले, एका साली सुटले. दुपारचा डबा कायम एकत्र. सोमनाथच्या डब्यातली भाकरी भिकन खायचा, भिकनच्या डब्यातलं बोंबलाचं कालवण सोमनाथ पुसून खायचा. एकच गंमत होती. भिकन पाणी कधी सोमनाथचं प्यायचा नाही. स्वतःची बाटली. सोमनाथच्या घरी आला तरी सिंधूनं पुढं केलेला पेला तसाच राहायचा. "तहान नाही वहिनी," म्हणायचा. मे महिन्यात, घामानं भिजलेला असताना म्हणायचा. चहाही नाही. सोमनाथ त्याला उंट म्हणायचा. सगळ्या खात्यात त्यानं ते नाव पसरवलं होतं आणि भिकन ऐकून घ्यायचा.

भिकनला ही हकिगत ऐकवली तेव्हा तो म्हणाला होता, "चिमाजी म्हणतोस?"

"चिमाजीच. दुसरा कोण असणार एवढा दांडगा?"

"बरं," भिकन म्हणाला, आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. त्याला दळण आणायचं होतं.

धुळवड दोन दिवसांवर आली तेव्हा सोमनाथ टाक खिशात घालून हर्षलच्या दुकानात गेला. हर्षल त्याचा पुतण्या, इंदिरानगरातच त्याचं फ्लेक्स छापायचं दुकान. त्यानं टाकाचा फोटो काढला, कॉम्प्युटरवर मोठा केला, आणखी मोठा केला, आणि मान वाकडी केली.

"काका, तलवारीला मूठ नाही."

"झिजली असेल."

"झिजली तर सगळीच झिजेल ना. ही वरपासून खालपर्यंत एकसारखी आहे. खाली टोकाला चपटी." त्यानं माऊस फिरवला. "पहारीसारखी दिसते. आणि पायाशी या आडव्या रेघा बघा, पाणी असल्यासारख्या."

सोमनाथनं चष्मा वर केला, खाली केला. जन्मभर लोखंड हाताळलेला माणूस, पहार ओळखायला त्याला काही कॉम्प्युटर लागत नव्हता. पण फेटे ठरले होते. टेम्पो ठरला होता.

"घाल की मूठ तू," तो म्हणाला. "येतं ना ते तुला?"

हर्षल हसला. दोन मिनिटांत मूठ बसवली, पात्याला जरा बाक दिला, पायाखालच्या रेघा पुसल्या. खाली केशरी अक्षरांत लिहिलं, शूरवीर चिमाजीबाबा. सोमनाथनं फोटो मोबाइलवर घेतला आणि घरी आला.

सिंधू ओट्याशी मेथी निवडत होती. त्यानं मोबाइल तिच्यापुढं धरला. तिनं हात पुसले, मोबाइल घेतला, आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे नाव काढा."

पस्तीस वर्षांच्या संसारात सिंधूनं त्याला असं 'हे करा' म्हणून कधी सांगितलं नव्हतं. ती विचारायची, सुचवायची, फार तर फुरंगटायची. सोमनाथला आधी हसू आलं.

"का? नाव पाहिजेच. बिननावाचा वीर कसला?"

"मग खरं लावा. मारलेल्या माणसाच्या डोक्यावर मारणाऱ्याचं नाव लावताय तुम्ही."

तो खुर्चीवर बसला. सिंधूनं गॅस बंद केला, मेथीची जुडी बाजूला सारली आणि त्याच्यासमोर पाटावर बसली. आवाज चढवला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही. शेजारणीला एखादी भाजी कशी केली ते सांगावं, तशी सांगत गेली.

"सासूबाईंनी देव्हारा माझ्या हातात दिला तेव्हा सांगितलं. त्यांना त्यांच्या सासूनं सांगितलं होतं. तुमच्या पणज्यानं, चिमाजीनं, ती विहीर खणायला घेतली. खाली पहार मारायला पुंजा होता. तेव्हाच्या महारवाड्यातला. त्याच्यासारखा खडक कुणाला फुटायचा नाही म्हणे. भर उन्हाळ्यात पाणी लागलं. वर नारळ आणायला माणूस पळाला. पूजा होईपर्यंत पाण्याला तोंड लावायचं नाही असं असतं, आणि पुंजानं तर कधीच लावायचं नाही. पण माणूस खाली तापलेल्या खडकात दिवसभर. त्यानं ओंजळभर प्यायलं. चिमाजीनं वरून बघितलं."

"मग?"

"विहीर बाटवली म्हणाला. दोर वर ओढून घेतला. पाणी पाहिजे ना तुला, पी मग पोटभर, असं म्हणाला वरून. रात्रभर राहू दे, अद्दल घडेल, सकाळी काढू."

सोमनाथनं चष्मा काढून हातात घेतला.

"झरा मोठा होता," सिंधू म्हणाली. "सकाळी दोर सोडायची गरजच पडली नाही. पुंजा आपोआप वर आला होता."

बाहेर खाली कुणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं. सोमनाथला तो काठावरचा फोटो आठवला. कोपर टेकून हसलेला. तो पुस्तकाच्या पहिल्या पानावर होता.

"पुढं चिमाजीच्या दोन पोरी एका वर्षात गेल्या," सिंधू सांगत होती. "त्यांची आई नवसाबाई. तिनं नवऱ्याला न विचारता हातातल्या पाटल्या मोडल्या, चांदी आणून पुंजाचा टाक करून घेतला, हातात पहार, पायाशी पाणी, आणि देवांत बसवला. तेव्हापासून त्याला पाणी देतो आपण. पोटभर पी, कुणी काही बोलणार नाही. नवसाबाईचेच शब्द ते."

"आणि हे तुम्ही बायकांनी आपसात ठेवलंत? मला नाही सांगितलं?"

"सासूबाई म्हणाल्या, गड्यांना सांगायचं नाही. त्यांना लाज वाटेल, न् लाज वाटली की ते टाक नदीत सोडून मोकळे होतील. मग त्याला पाणी कोण देणार?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. वर्षभर पेट्रोल जाळून हा माणूस पार धुंडाळत फिरला आणि घराण्याची सगळी हकिगत त्याच्या घरात रोज दोन वेळा भाकऱ्या थापत होती. पण सोमनाथला ते हसण्यासारखं वाटायच्या पलीकडं गेलं होतं. त्याला आठवलं, आई पुटपुटायची तेव्हा तांब्यातलं पाणी टाकाबाहेर सांडायचं. तो म्हणायचा, आई, वय झालं तुझं, तांब्या जड होतो.

"पुंजाचं कुणी राहिलं असेल का गावात?" त्यानं विचारलं.

सिंधूनं त्याच्याकडं असं बघितलं की त्याला उत्तर येण्याआधीच कळलं.

"पुंजाचा पणतू तीस वर्षं तुमच्या शेजारच्या मशीनवर होता," ती म्हणाली.

तहान नाही वहिनी. सोमनाथच्या कानात तेच वाजत राहिलं. त्याला उंट म्हटलेलं आठवलं. सगळ्या खात्याला हसवलेलं आठवलं. कानशिलं तापली, आणि साठी उलटलेला माणूस स्वयंपाकघरात बायकोसमोर तोंड लपवून बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो भिकनकडं गेला. टाक रुमालात गुंडाळून खिशात. भिकनचं घर सातपूरच्या एका कॉलनीत, दोन खोल्या आणि वर पत्र्याची एक. भिकननं दार उघडलं, त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "बस. पाणी घे."

पेला समोर आला. सोमनाथनं उचलला. या घरचं पाणी तो शेकडो वेळा प्याला होता, घटाघटा, आणखी मागून. आज त्यानं पेला तसाच खाली ठेवला.

"वहिनींनी सांगितलं?" भिकननं विचारलं.

"तुला माहीत होतं?"

"आमच्यात पोर बोलायला लागलं की सांगतात. विहीर कुठली, दोर कुणी ओढला. न् त्या घरचं पाणी प्यायचं नाय, हे बी सांगतात. भाकरीचं काय नाय. भाकरी खा म्हणतात. पाणी नाय."

"तीस वर्षांत एकदा तरी बोलायचंस."

"काय बोलायचं? डबा खाता खाता?" भिकन पलंगावर बसला. "तू दरवर्षी शिमग्याच्या आधी वीराच्या तलवारीची गोष्ट काढायचास. पहिल्यांदा लय राग यायचा. वाटायचं पाना उचलावा न् हाणावा. मग पुढं पुढं कीव यायला लागली. म्हणलं, बोलू दे. याला काही माहीतच नाय."

राग असता तर सोमनाथनं सोसला असता. दोन शिव्या खाल्ल्या असत्या, पाय धरले असते. पण हा माणूस तीस वर्षं आपली कीव करत आपल्या डब्यातली भाकरी मोडत होता, हे ऐकून तो मेल्याहून मेल्यासारखा झाला. काहीतरी करायला पाहिजे म्हणून त्यानं खिशातला रुमाल काढला आणि सोडून टाक भिकनच्या पुढं धरला.

"हा तुझा आहे. तू ठेव."

भिकननं तो घेतला नाही. आधी चष्मा पुसला. मग वाकून बघितलं, अगदी नाक लागेल इतक्या जवळून.

"एवढासाच हाय होय," तो म्हणाला. "लांबनं मोठा वाटायचा."

"लांबून?"

"रामकुंडावर. दरवर्षी येतो ना मी."

"मला वाटायचं माझ्यासाठी येतोस."

"तुझ्यासाठी कशाला येऊ? तुला तर रोज बघायचो." भिकन हसला नाही. "माझा बाप सांगायचा, ते लोक वर्षातनं एकदा आपल्या पुंजाला अंघोळीला आणतात, बघून येत जा. हात जोडायचे नाय, फूल टाकायचं नाय. नुसतं बघायचं. म्हणून येतो."

सोमनाथला घाटाच्या वरच्या पायरीवरचा भिकन आठवला. दरवर्षी तिथंच उभा. आणि खालून फेटा बांधून, टाक नाचवत, त्याला हात करणारा आपण.

"घे ना," तो पुन्हा म्हणाला.

"आमच्या घरात देव्हारा नाय, तुला माहीत हाय. तिथं बुद्धाची मूर्ती. याला कुठं ठेवू?" भिकननं पहिल्यांदा त्याच्याकडं सरळ बघितलं. "न् तू देतोयस कशापायी? माझा म्हणून, का घरात नको झाला म्हणून?"

याचं उत्तर सोमनाथकडं होतं, पण ते तोंडानं देण्यासारखं नव्हतं. त्याच्या आईनं गड्यांना बरोबर ओळखलं होतं. लाज वाटली आणि पहिली बुद्धी झाली ती टाक घराबाहेर काढायची.

"तुमच्या बायकांनी शंभर वर्षं पाणी दिलं त्याला," भिकन म्हणाला. "ते बंद करू नको. फक्त चिमाजीचं नाव त्याच्या डोक्यावर नको. न् त्याचं स्वतःचं घे. वाजंत्री लावून न्हेता दरवर्षी, न् नाव एकदा नाय घेतलं."

"सगळ्यांसमोर?" सोमनाथच्या तोंडून निघून गेलं.

"मग काय मोरीत घेतोस?"

घेतो म्हणाला सोमनाथ. कबूल केलं. आणि घरी येऊन हर्षलला फोन लावला. हर्षल म्हणाला, "काका, फ्लेक्स छापून झालाय. नाना आजच गावाहून आलेत, त्यांनी बघितला, खूश झालेत. टेम्पोला बांधायलाच काढतोय." सोमनाथच्या जिभेवर शब्द होते. पण पलीकडून नानांचा आवाज आला, कोण रे, सोमनाथ का, आमचा इतिहासकार, आणि मागं चारपाच जण हसले. तो म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला. सिंधू ऐकत होती. तिनं धुळवडीचा तांब्या काढला आणि घासायला बसली.

धुळवडीला दुपारनंतर टेम्पो निघाला. पुढं हलगी, मागं सगळं घराणं, केशरी फेटे, पोरींनी नऊवार नेसलेली. सोमनाथच्या हातात लाल कापडात टाक. दरवर्षी त्याचे पाय आपोआप उचलले जायचे. या वेळी लोक मागून ढकलत होते म्हणून तो पुढं जात होता. डोक्यावर फ्लेक्स हलत होता, मूठ असलेली तलवार आणि शूरवीर चिमाजीबाबा.

रामकुंडावर ही गर्दी. दहा घरांचे वीर एकाच वेळी पाण्यात. सोमनाथ गुडघाभर पाण्यात उतरला आणि वर बघितलं. भिकन होता. त्याच पायरीवर, हातात पाण्याची बाटली. तो सोमनाथकडं बघत नव्हता. काठावर उभ्या टेम्पोवरचा फ्लेक्स वाचत होता. सावकाश, एकेक अक्षर वाचावं तसा. मग त्यानं बाटली तोंडाला लावून रिकामी केली, झाकण घट्ट केलं आणि वळला.

"थांबवा ते," सोमनाथ म्हणाला. कुणाला ऐकू आलं नाही. तो हलगीवाल्याकडं गेला आणि ओला हात त्याच्या हलगीवर ठेवला. आवाज एकदम बंद झाला, आणि वरच्या पायरीवर भिकन थांबला.

"याचं नाव पुंजा," सोमनाथ म्हणाला.

मग पुण्याच्या पुतण्यानं फेटा सावरत आरोळी दिली, पुंजाबाबा की जय. सगळ्यांनी उचलून धरली. हर्षल मोबाइलवर शूटिंग करत होता, त्यानं अंगठा वर केला. नाव मिळालं म्हणून सगळं घराणं आनंदात. वीर चिमाजी गेला, वीर पुंजा आला, तलवार तीच. सोमनाथला वाटलं, इथंच थांबलं तर? नाव घ्यायचं कबूल केलं होतं, नाव घेतलं. खोटं कुठं आहे?

त्यानं वर बघितलं. भिकन तसाच उभा होता, पाठ अर्धी वळलेली.

"जय म्हणू नका," सोमनाथ म्हणाला. आवाज फाटला. "हा आपला पूर्वज नाही. आपल्या चिमाजीनं याला विहिरीत मारला. तहान लागली म्हणून पाणी प्याला, एवढ्यावरून. दोर ओढून घेतला न् बुडू दिला. ती आपली विहीर. ही तलवार नाही, पहार आहे. मूठ मी बसवायला सांगितली. पुस्तकातलं सगळं मी मनानं लिहिलं. हे भिकन आहेत ना वर उभे, त्यांचा पणजा हा."

शेजारच्या घरांच्या हलग्या चालूच होत्या. पुतण्यानं फेटा काढून हातात घेतला. सहादूनानांनी काठी पाण्यात आपटली.

"भर गंगेवर घराण्याची अब्रू काढलीस," ते म्हणाले. "एकट्यात सांगता येत नव्हतं?"

"एकट्यात मी मूठ बसवली नाना," सोमनाथ म्हणाला.

नाना वळले आणि पायऱ्या चढू लागले. त्यांच्यामागं दहाबारा जण गेले, मग आणखी काही. कुणी सोमनाथकडं बघितलं नाही. तो गुडघाभर पाण्यात टाक धरून उभा राहिला, आणि इतकी लाज वाटली की पाण्यानं जरा वर यावं आणि आपल्याला झाकावं. लगेच त्याला विहीर आठवली, आणि तसं मनात आल्याचीही लाज वाटली.

सिंधू नऊवारीचा काठ वर खोचून पाण्यात उतरली. घरून आणलेला तांब्या तिच्या हातात होता, वर वाटी झाकलेली. तिनं टाकावर पाणी घातलं. आणि जे जन्मभर पुटपुटत आली ते या वेळी मोठ्यानं म्हणाली, "पोटभर पी पुंजाबाबा. कुणी काही बोलणार नाही."

तांब्यात पाणी उरलं होतं. तिनं तो सोमनाथच्या हातात दिला.

तो पायऱ्या चढून गेला. विजारीतनं पाणी गळत होतं, फेटा सुटून खांद्यावर आला होता. खाली हर्षल टेम्पोवर चढून फ्लेक्सच्या दोऱ्या सोडत होता. भिकनसमोर येऊन सोमनाथनं दोन्ही हातांनी तांब्या पुढं केला.

भिकननं तांब्याकडं बघितलं. ऊन कडक होतं. त्याच्या कपाळावरून घाम ओघळून चष्म्यात जात होता आणि हातातली बाटली केव्हाच रिकामी झाली होती.

"अजून तहान नाय लागली," तो म्हणाला.

आजवर तो नुसतं तहान नाही म्हणायचा. सोमनाथनं तांब्या खाली ठेवला नाही.